जुने सागवान आणि नवे लोखंड : सांगलीतील एका छपराचा हिशेब

गावभागातील आमच्या घराच्या वरच्या मजल्याचे छप्पर गेल्या वर्षी फेब्रुवारीत उतरवावे लागले. घर पणजोबांच्या काळचे. खाली दगडी बांधकाम, वर विटांच्या भिंती आणि त्यांवर सागवानी तुळया, वासे व मंगलोरी कौले. मधल्या चौकामुळे घराचे दोन भाग पडतात आणि दोन्ही भागांवरचे छप्पर जवळपास सारखेच, प्रत्येकी साडेचारशे चौरस फुटांच्या आसपास भरते. रस्त्याकडच्या भागासाठी आम्ही टिंबर एरियातील एका वखारीतून जुने सागवान घेतले. ते काम संपेपर्यंत पैसेही आटले होते आणि सुतारानेही लग्नसराईचे कारण सांगून दीड महिन्याची सुट्टी मागितली होती, त्यामुळे परसाकडच्या भागावर मिरज रस्त्यावरील एका फॅब्रिकेटरकडून लोखंडी कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) आणि रंगीत पत्रा करून घेतला. अशा रीतीने एकाच घरावर, एकाच उन्हापावसात, लाकूड आणि लोखंड शेजारी शेजारी आले. हे ठरवून झाले नाही. पण एक पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा उलटल्यावर दोन्ही मालांचे व दोन्ही सेवांचे परीक्षण लिहिण्याइतकी माहिती हाताशी जमली आहे. व्यावसायिकांची नावे मुद्दाम दिलेली नाहीत, कारण पुढे दोघांविषयी तक्रारीही येणार आहेत.

परीक्षणाचा रोख पर्यावरणावर आहे. छपराचे काम निघाल्यापासून घरी रोज यावरच वाद होत असे. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे असे की, लोखंड वापरले म्हणजे झाड तुटत नाही, मग यात विचार तो काय करायचा. हा समज एकट्या त्याचा नाही. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने 1993 मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यावर बंदी घातली होती, तीही जंगले वाचावीत याच हेतूने. आणि ती 2020 मध्ये उठवण्यात आली, तेव्हा लाकूड हा पुन्हा वाढणारा आणि कार्बन साठवणारा माल आहे हे कारण पुढे आले. मधल्या सत्तावीस वर्षांत सरकारी इमारतींची दारे-खिडक्या लोखंड, अॅल्युमिनियम आणि प्लास्टिककडे गेल्या, आणि सरकारी इमारतीत जे दिसते तेच पुढे आपल्या घरात येते. तेव्हा मुलाला दोष देण्यात अर्थ नव्हता. मी वजने आणि पावत्या जमवायला सुरुवात केली.

आधी वखारीविषयी. आत शिरले की दोन्ही बाजूंना खांब, तुळया, चौकटी, कठड्यांचे नक्षीदार तुकडे रचून ठेवलेले दिसतात आणि प्रत्येक ढिगाला गावाचे नाव असते. हा तासगावच्या वाड्याचा, हा औंधचा, हा वाईकडचा. मालक मोजके बोलणारे आहेत. मी एका काळ्याकुट्ट तुळईकडे साशंकपणे पाहत होतो, तेव्हा त्यांनी काही न बोलता रंधा घेतला आणि हातभर पट्टा तासून दाखवला. वरचा धूर, तेल आणि काव यांचा थर निघाला आणि खालून मधासारखा तपकिरी गाभा उघडा पडला. नुकत्या चिरलेल्या सागाचा तेलकट, किंचित चामड्यासारखा वास आला. तो वास इतक्या वर्षांनंतरही येतो याचाच अर्थ सागाचे नैसर्गिक तेल अजून आत शिल्लक आहे, आणि तेच त्याला वाळवीपासून व पाण्यापासून राखते. “काका, लाकूड वयानं खराब होत नाही, वलीनं होतं,” एवढेच ते म्हणाले.

त्या तुळईच्या टोकाला कुसू, म्हणजे खाचेत बसणारी जीभ, तशीच होती आणि खांबात ती अडकवण्याची खाचही. जुन्या सुतारांनी वाडे कुसू, खाच आणि लाकडी खुंट्या यांवर उभे केले. खिळा लागला तो फळ्या आणि रिपांपुरता. त्यामुळे दीडशे वर्षांनी वाडा उतरवताना खुंटी ठोकून बाहेर काढली की सांगाडा जसाच्या तसा सुटा होतो. पर्यावरणाच्या दृष्टीने हा गुण मला लाकडाच्या जातीपेक्षाही मोलाचा वाटतो. जो माल सुटा होतो तो दुसऱ्या घरात जातो, आणि जो चिकटवलेला, ओतलेला किंवा वितळवून जोडलेला असतो तो ढिगाऱ्यात तरी जातो किंवा भट्टीत तरी.

आम्ही 41 घनफूट माल घेतला, घनफुटाला 2,700 रुपये दराने. त्याच दिवशी तो करवतीच्या गिरणीत नेला आणि तिथे पहिली अडचण आली. जुने लाकूड म्हटल्यावर गिरणीवाल्याने हात जोडले, कारण आत राहिलेला एक खिळा पट्ट्याच्या करवतीचे दात काढतो. शेवटी दोन माणसांनी दोन दिवस बसून पकड, पटाशी आणि एक लोहचुंबक घेऊन खिळे उपसले. त्यांत हाताने घडवलेले, चौकोनी कांबीचे जुने खिळेही होते. एकूण साडेसहा किलो निघाले. तरीही एक खिळा राहिलाच, आणि करवतीच्या पट्ट्याचे नऊशे रुपये आम्हाला भरावे लागले. वखारीने माल देतानाच खिळे काढून द्यायला हवे होते. दर पाहता ती अपेक्षा वाजवी होती.

आता या 41 घनफुटांचा हिशेब. सागवानाचे एक घनफूट साधारण अठरा किलो भरते, म्हणजे सगळा माल साडेसातशे किलोच्या आत-बाहेर. त्यातला ओलावा वजा करून जे सुके लाकूड उरते, त्याच्या वजनाचा निम्मा भाग कार्बन असतो, जो झाडाने वाढताना हवेतून ओढलेला असतो. एक किलो कार्बन जळाला किंवा कुजला की 3.67 किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. या मापाने आमच्या पुढच्या छपरात सुमारे 1.2 टन कार्बन डायऑक्साइड बंदिस्त आहे, आणि ते आमच्या घरी येण्यासाठी लागले ते फक्त टेम्पोचे डिझेल आणि करवतीची वीज.

इथे थोडे थांबावे लागते, कारण हा आकडा सांगून टाळ्या घेणे सोपे आहे. हा कार्बन आम्ही हवेतून काढलेला नाही. तो ज्या झाडांनी काढला ती पणजोबांच्याही आधी तुटली. शिवाय आम्ही ही तुळई घेतली नसती तरी ती बेकरीच्या भट्टीत गेली नसती. जुन्या सागाला गिऱ्हाईक कायम असते, आणि हल्ली तर पुण्या-मुंबईच्या हॉटेलांना ‘वाड्याचा लूक’ हवा असल्यामुळे ते अधिकच आहे. म्हणून 1.2 टनांचे श्रेय स्वतःकडे घेणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. आमच्या पदरात खरी जमा पडते ती दुसरीच : साडेचारशे चौरस फुटांच्या छपरासाठी नवीन काहीही तयार करावे लागले नाही. आंबा, बाभूळ किंवा जांभूळ यांच्या जुन्या वाशांबाबत मात्र हिशेब वेगळा आहे, कारण वाडा उतरवल्यावर ते बहुधा जळणातच जातात. अशा किरकोळ लाकडाचे आठ वासे मी मागून घेतले आणि पोटमाळ्याला वापरले. मालकांनी ते जवळजवळ फुकटच दिले.

परसाकडच्या लोखंडी कामाकडे वळू. फॅब्रिकेटरची सेवा, निव्वळ सेवा म्हणून पाहिली तर, सुताराच्या कामापेक्षा कितीतरी सरस होती. मापे घेतली, दुसऱ्या दिवशी कागदावर कैचीचे चित्र आणि अंदाजपत्रक दिले, ठरल्या दिवशी चौकोनी पाइप आले आणि पाच दिवसांत चार कैच्या, पर्लिन (कैच्यांवरचे, पत्रा धरणारे आडवे पाइप) आणि पत्रा सगळे जागेवर. वीस फुटांचा गाळा मध्ये एकही खांब न घेता मोकळा झाला, जे लाकडात करायचे तर जाडजूड तुळई लागली असती. वजनकाट्याच्या पावतीप्रमाणे सांगाडा 960 किलो आणि पत्रा 190 किलो, मिळून 1,150 किलो. कापलेले तुकडे त्यांच्या पोऱ्याने गोळा करून पोत्यात भरले. सुताराच्या कामाचा भुसा आणि ढलप्या मात्र आठवडाभर आमच्या पायाखाली होत्या.

या 1,150 किलोंच्या मागे किती धूर आहे? भारतात एक टन पोलाद तयार होताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. जगाची सरासरी 1.9 टनांच्या घरात आहे. म्हणजे मागच्या छपराच्या नावावर पावणेतीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड जमा झाला. त्यातला बराचसा टाळता येण्याजोगा नाही. खनिजात लोह आणि प्राणवायू एकमेकांना बांधलेले असतात. तो प्राणवायू सोडवायचा तर दुसऱ्या कशाला तरी तो चिकटवावा लागतो, आणि झोतभट्टीत ते काम कोळशातील कार्बन करतो. कार्बन डायऑक्साइड हा त्या क्रियेचाच भाग आहे. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरला तर त्याजागी पाणी तयार होते, पण तसे पोलाद आपल्या फॅब्रिकेटरच्या दारात यायला अजून अवकाश आहे. भारताची सरासरी जगापेक्षा वर राहते, कारण आपल्याकडे कोळशावर चालणाऱ्या स्पंज आयर्नच्या (खनिज न वितळवता केलेल्या सच्छिद्र लोहाच्या) भट्ट्या पुष्कळ आहेत आणि भंगाराचा वाटा कमी आहे.

भंगाराचा मुद्दा महत्त्वाचा, कारण लोखंडाची खरी बाजू तिथे आहे. भंगार वितळवायला प्राणवायू सोडवावा लागत नाही, फक्त उष्णता लागते, आणि त्यामुळे भंगारापासूनच्या पोलादाचा धूर खनिजापासूनच्या पोलादापेक्षा कितीतरी कमी असतो. जालन्यातील भट्ट्या आणि रोलिंग मिल याच वाटेने सळई तयार करतात, आणि भंगारवाल्यांच्या हातगाड्या हे आपल्याकडचे असे खाते आहे की ज्याला सरकारने जाहिरात करावी लागली नाही. आमचे साडेसहा किलो खिळेसुद्धा त्याच दिवशी विकले गेले. मात्र भंगारावरच्या भट्टीतही स्पंज आयर्न मिसळले जाते आणि तिची वीज बहुतांशी कोळशाचीच असते. आणि चौकोनी पाइप ज्या पट्टीच्या गुंडाळ्यांपासून होतो त्या मोठ्या प्रमाणात झोतभट्टीच्या कारखान्यांतून येतात. आपण घेतलेला पाइप कोणत्या कुळातला, हे गिऱ्हाइकाला कळण्याची सोय नाही. केंद्रीय पोलाद मंत्रालयाने डिसेंबर 2024 मध्ये ‘हरित पोलादा’ची व्याख्या जाहीर केली, टनामागे 2.2 टनांपेक्षा कमी उत्सर्जन असलेल्या पोलादाला तीन ते पाच तारे आणि 1.6 टनांच्या खाली असल्यास पाच. फॅब्रिकेटरला मी तारांकित पाइपविषयी विचारले. त्याने मला पाइपची जाडी सांगितली.

त्याच्याविषयीची तक्रार मात्र वेगळीच आहे. अंदाजपत्रकात मी कैच्या नटबोल्टने जोडाव्यात असे लिहून घेतले होते, म्हणजे उद्या त्या उतरवून दुसरीकडे वापरता आल्या असत्या. मी दुपारी जेवायला गेलो तेवढ्यात चारही कैच्यांचे सांधे वेल्डिंगने पक्के झाले. “बोल्ट ढिले पडतात सर, हे शंभर वर्षं हलणार नाही,” असे समाधान मिळाले. नेमके तेच मला नको होते. आता हे छप्पर उतरले तर गॅसकटरने कापून किलोच्या भावाने जाणार, म्हणजे पुन्हा भट्टी, पुन्हा वीज आणि पुन्हा वाहतूक. लोखंड कितीही वेळा वितळवता येते ही त्याची थोरवी खरी, पण न वितळवता पुन्हा वापरणे त्याहून स्वस्त असते.

उन्हाळ्याने हिशेबात एक असा आकडा घातला की ज्याची मी कल्पना केली नव्हती. एप्रिलमध्ये दुपारी तीनला पुढच्या, कौलारू खोलीत तापमापक 36 अंश दाखवत असताना मागच्या, पत्र्याच्या खोलीत 41 अंश असे. शेवटी मागे एसी बसवावा लागला. त्या भागाला भाडेकरूंच्या काळापासून स्वतंत्र मीटर आहे, त्यामुळे महावितरणच्या बिलावरून फरक नेमका काढता आला : उन्हाळ्यात सुमारे 450 युनिट जादा. आपल्याकडच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरला, तर एका उन्हाळ्याचे तीनशे किलो होतात, आणि नऊ-दहा उन्हाळ्यांत तेवढाच धूर होतो जेवढा सगळे लोखंड तयार करताना झाला. छपराचे आयुष्य तीस वर्षे धरा आणि पुढचा गुणाकार करा.

पण याचा ठपका लोखंडावर ठेवणे बरोबर नाही. दोष पत्र्याचा आहे. अर्ध्या मिलिमीटरचा पत्रा ऊन जसेच्या तसे खाली सोडतो. कौल जाड असते, आतून हवा खेळते, आणि रात्री ते गार होते. हीच कौले लोखंडी कैचीवरही घालता आली असती, फक्त वजन वाढले असते, कारण एक मंगलोरी कौल सव्वादोन-अडीच किलोंचे आणि चौरस मीटरला पंधराच्या आसपास लागतात. मग पाइप जाड, मग लोखंड अधिक. यंदा आम्ही पत्र्याला पांढरा रंग दिला आणि खाली बांबूच्या तट्ट्या मारल्या. खोली तीन अंशांनी उतरली. पावसाचा आवाजही जरा माणसात आला. जुलैत मागच्या खोलीत फोनवर बोलणे अशक्य होत असे.

सांगलीत घराच्या मालाची खरी परीक्षा पूर घेतो, आणि कुठलीही वस्तू किती धूर काढून तयार झाली यापेक्षा ती किती वेळा बदलावी लागते हे इथे अधिक निर्णायक ठरते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी 45 फूट. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांच्या वर गेले आणि जुलै 2021 मध्ये ते पुन्हा घरात आले. आमचा तळमजला 2019 मध्ये आठ दिवस पाण्यात होता. सागवानी चौकटी फुगल्या, दारे बसेनाशी झाली; दोन महिने सावलीत वाळू दिल्यावर त्यांतील एक सोडून सगळी पूर्ववत लागली. प्लायवूडच्या कपाटांची पाने वहीसारखी सुटली. एमडीएफच्या ट्रॉल्या तर हाताने उचलताना भिजल्या बिस्किटासारख्या तुटत होत्या. त्या सप्टेंबरात हरभट रस्त्यापासून मारुती चौकापर्यंत जे ढीग पडले होते त्यांत बहुतेक भाग अशाच फर्निचरचा होता, आणि त्यात रासायनिक डिंक असल्यामुळे ते धड जाळण्याजोगेही नव्हते. ‘लाकूड’ या शब्दाखाली सागाचा खांब आणि भुशाची दाबलेली फळी एकत्र मोजली जाते तेव्हा हिशेब तिथेच चुकतो.

लोखंडाचे काय झाले, ते मला दोन वर्षांनी कळले. पुढच्या अंगणातील फाटक चौकोनी पाइपचे होते; बाहेरून रंग शाबूत, धुऊन पुसून पुन्हा लावलेले. 2021 च्या पुरानंतर एक बिजागरी तुटली म्हणून खालचा आडवा पाइप कापला, तर आतून सुकलेल्या गाळाची एक सलग कांडी बाहेर आली, करड्या रंगाची, पाइपच्याच आकाराची, आणि तिच्याभोवती गंजाचे पापुद्रे. दोन मिलिमीटरच्या भिंतीचा काही ठिकाणी कागद उरला होता. पोकळ पाइपात पाणी शिरायला फट असते, निघायला नसते. पाणी चढते त्या पातळीखाली पोकळ पाइप वापरायचा असेल तर दोन्ही टोके हवाबंद करावीत किंवा खाली भोक ठेवावे. नाहीतर भरीव अँगल घ्यावा. गॅल्व्हनायझिंग केलेला माल अधिक टिकतो, कारण जस्त आधी झिजते आणि लोखंडाला राखते, पण वेल्डिंगच्या ठिकाणी ते जळून जाते आणि गंज नेमका तिथूनच सुरू होतो.

हे सगळे वाचून कोणी नवीन सागवान घ्यायला निघणार असेल तर त्याला टिंबर एरियातच थोडे थांबवायला हवे. म्यानमारने एप्रिल 2014 पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तेव्हापासून आपल्या बाजारात घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा देशांच्या लागवडीतला साग भरला आहे. तो जहाजाने कांडल्याला उतरतो आणि तिथून ट्रकने हजार किलोमीटरहून अधिक अंतर काटून इथे येतो. वाहतुकीचा धूर ऐकताना भयंकर वाटतो, पण जहाज टनामागे, किलोमीटरमागे ट्रकपेक्षा फार कमी इंधन खाते. खरे प्रश्न दुसरे आहेत. लागवड नैसर्गिक जंगल साफ करून केली की पडीक जमिनीवर, हे वखारीत कोणी सांगू शकत नाही. ओंडक्यातून चिरीव माल साधारण निम्माच निघतो. आणि लवकर तोडलेल्या झाडात बाहेरचे पांढरे लाकूड जास्त असते, जे वाळवीला बर्फीसारखे लागते. शेजाऱ्यांच्या नव्या सागवानी खिडक्या तीन वर्षांत पिळवटल्या, कारण लाकूड पुरते वाळलेले नव्हते. मिरजेत सतार आणि तंबोरे करणारे कारागीर, ज्यांच्या वाद्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते लाकूड मुरायला वेळ देतात. घर बांधणाऱ्याला मात्र वास्तुशांतीची तारीख गाठायची असते. ज्यांना नवाच साग हवा, त्यांनी चंद्रपूर-बल्लारशाकडचा, वन विकास महामंडळाच्या लिलावातला माल विचारावा. महामंडळ 1974 पासून लागवड करते आणि त्या मालाचा उगम तरी कागदावर दाखवता येतो. भाव ऐकून बसायला खुर्ची लागते.

अॅल्युमिनियमच्या खिडक्यांचाही आग्रह आम्हाला झाला होता. नव्या अॅल्युमिनियमला टनामागे चौदा-पंधरा हजार युनिट वीज लागते, आणि आपल्याकडे ती कोळशाची असल्यामुळे लोखंड त्याच्यापुढे साधू ठरते. त्याचे बॉक्साइट कोल्हापूरच्या सड्यांवरूनही निघत आले आहे. कासचे पठार ज्या जातीचे, त्याच जातीचे हे सडे, ज्यांच्यावर पावसाळ्यात मातीच्या पातळ थरात फुले येतात. भंगारातल्या अॅल्युमिनियमला याच्या पाच टक्के वीज पुरते हे खरे. पण खिडकीवाल्याला तेही विचारून पाहिले आणि पाइपसारखेच उत्तर मिळाले.

वखारीविषयी आणखी तीन गोष्टी नोंदवायच्या आहेत. मापात इंच नेहमी वरच्या आकड्याला धरले जातात. पावणेचार इंचांचा वासा चार इंच होतो, आणि एकूण मालात त्याने दोन घनफुटांचा फरक पडतो. आपली टेप न्यावी आणि तिथेच वाद घालावा, मालक ऐकून घेतात. दुसरे, पक्की पावती मागून घ्यावी लागली. सागाच्या वाहतुकीला वनविभागाचा परवाना लागतो, तेव्हा जुन्या मालाचा कागद जवळ नसेल तर नाक्यावर आपण चोर ठरतो. तिसरी गोष्ट गंभीर आहे : जुन्या दारांवरच्या तैलरंगात शिसे असण्याचा संभव असतो, आणि वखारीतली पोरे तो रंग कोरड्या पॉलिशपेपरने, तोंडाला काहीही न बांधता घासत होती. रंग लावलेला माल मी त्यामुळे घेतला नाही, आणि का घेतला नाही ते सांगितलेही. पुढच्या खेपेला दोघांच्या तोंडाला रुमाल दिसला. रुमालाने शिसे अडत नाही.

तरीही दोन्ही व्यावसायिकांपैकी मी ज्याच्याकडे पुन्हा जाईन ती वखार आहे, आणि त्याचे कारण तिथला साग नव्या लोखंडापेक्षा स्वस्त पडतो हे नाही. चौरस फुटाचा खर्च पाहिला तर पुढचे छप्पर मागच्यापेक्षा दीडपट महाग झाले. ज्याला पुढे खांब नसलेला वीस-पंचवीस फुटांचा हॉल हवा आहे, किंवा ज्याच्या भिंती जुन्या छपराचे वजन पेलणार नाहीत, त्याने लोखंडच घ्यावे. फक्त कमीत कमी घ्यावे, बोल्टने जोडावे आणि वर पत्र्याऐवजी कौल परवडते का ते पाहावे. जिथे दहा-बारा फुटांचे गाळे आहेत तिथे जुने लाकूड असताना नवे काहीही घेण्याची गरज मला दिसत नाही.

सध्या जिन्याचे काम निघाले आहे. 2019 चे पाणी जुन्या जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत आले होते. त्या पायरीवर गाळाची रेघ अजून आहे. नवव्या पायरीपर्यंत आम्ही दगड धरला आहे. तिथून वर, दोन्ही बाजूंना भरीव लोखंडी चॅनेल आणि त्यांवर पेठेतल्या एका उतरलेल्या वाड्याच्या फळ्यांच्या पायऱ्या, प्रत्येक पायरीला खालून चार बोल्ट. फॅब्रिकेटर तोच आहे. यावेळी मी जेवण तिथेच मागवणार आहे.